खानाचं नवं कुरण

कारागांडा शहरात त्या शनिवारी तापमान उणे अठ्ठावीस होतं. रायहान स्टेशनवरून आली ती कोटाच्या आत पाण्याची पिशवी पोटाशी धरून. पिशवीत एक निळा समुद्रमासा होता. अल्माटीची मैत्रीण देश सोडून निघाली होती. तिने तो गाडीतल्या अटेंडंट बाईच्या हाती धाडला होता.

रायहान चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता, पण दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत सहाशे लिटर खारं पाणी सांभाळलं होतं. तिथे चार वर्षं एका पिवळ्या माशाचं राज्य होतं. नाव खान. शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखं पातं, आणि आपल्या घडणीचा दुसरा मासा दिसला की ते चालवायची खोड. म्हणून तिने निळ्याला आठवडाभर भोकाभोकांच्या पारदर्शक डब्यात, टाकीतच, ठेवला. खान डब्याशेजारी शांतपणे खाऊ लागला, तेव्हा तिने झाकण उघडलं.

पापणी लवायच्या आत खान तुटून पडला. निळ्याच्या कुशीवर पांढरा चरा उमटला. रायहानने त्याला जाळीत घेतलं आणि पुन्हा डब्यात टाकलं. परत पाठवायला मैत्रीणही उरली नव्हती.

सासरे झुमाताय सोफ्यावर चहा पीत होते. चाळीस वर्षं त्यांनी घोडे राखले होते. ज्यावर बसता येत नाही आणि जे कापून खाता येत नाही, ते कशाला पाळायचं, असं त्यांचं रोजचं म्हणणं. पण आज कप बाजूला ठेवून ते काचेशी आले.

"सूनबाई, मार खाल्ला त्याला कोंडलंस आणि मारणारा मोकळा. हा कुठला न्याय?"

"मग काय करू, मामंजी?"

"दांडगा बांधायचा. आणि कळप दुसऱ्या कुरणात न्यायचा. तिथलं पाणी कुणाच्या ओळखीचं नसतं, मग मालकी कोण सांगणार?"

दगडांची जागा बदलावी, हे रायहानने वाचलं होतं. पण त्यांवर चार वर्षं वाढवलेल्या पोवळ्यांना हात लावायला तिचा जीव धजत नव्हता. आता तिच्या अंगात वारं शिरलं. दोघांनी खांद्यापर्यंत बाह्या सारल्या. दोन जाळ्यांनी, तिसऱ्या खेपेला, खान सापडला आणि निळ्याला बाहेर सोडून त्याच्या जागी डब्यात गेला. मग खडक हलले, कपारी मोडल्या, नव्या रचल्या. जांभळ्या पोवळ्याची एक फांदी तुटली. पण रायहान थांबली नाही.

पाच दिवसांत निळ्याची जखम भरली. मोकळ्या टाकीत तो घरच्यासारखा हिंडू लागला. रायहानने दुकानातला आरसा आणून काचेला बाहेरून चिकटवला आणि वर टॉवेल टाकला.

खान सुटला. आधी जुन्या गुहेकडे धावला. तिथे नुसती वाळू. गोंधळून वळला, तेवढ्यात निळा दिसला. पाठीवरचा पंख ताठ झाला.

"ओढ तो टॉवेल," सासरे म्हणाले.

आरशात दुसरा पिवळा खान उभा. पहिला त्याच्यावर चालून गेला. अर्धा तास तो काचेला धडका देत राहिला, आणि निळा त्याच्या पाठीमागे निवांत शेवाळ खुडत होता. रायहानला हसू आवरेना. सासऱ्यांनी तिच्या खांद्यावर चक्क थाप मारली. असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळी खानाने निळ्याचा दोनदा पाठलाग केला, तोही अर्ध्या मनाने. दहाव्या दिवशी आरसा काढला, तेव्हा दोघे एकाच शेवाळपट्टीला दोन टोकांनी कुरतडत होते.

झुमातायनी गावाकडच्या भावाला फोन लावून सगळी लढाई सांगितली. रायहान स्वयंपाकघरातून ऐकत होती. त्यांच्या सांगण्यात मासे चांगले शिंगरांएवढे झाले होते, आणि तिने ते मुळीच दुरुस्त केलं नाही.