ओट्यावर टेकलेलं पॅडल

धुळ्याला प्रशिक्षक लीलाधर सरांसमोर सायकलच्या पॉवर मीटरवर दोनशे अठरा वॅट, आणि चाळीसगावला घरी आल्यापासून रोज एकशे सत्तरच्या आसपास. प्रज्ञाने वही मिटली. घरी आल्यावरही वीस मिनिटांची सरासरी दोनशे दहाच्या वर राहिली, तरच सर रविवारी तिचं नाव ट्रॅक सायकलिंगच्या निवड चाचणीसाठी पाठवणार होते. आज शुक्रवार होता.

"सरांना फोन करते, आबा. नाव पाठवू नका म्हणून सांगते."

सुपडूआबांनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. हल्ली ते पहाटे उठून लेकीची सायकल पुसत, हवा भरत, ओट्याशी उभी करून ठेवत आणि मग स्कूटरवर तिच्या मागोमाग जात. धुळ्यालाही ते मागे होतेच.

"काबरं? पाय दुखस का?"

"नाही. ताकदच कमी पडतेय. मीटर खोटं बोलतं का?"

"मीटरनं मीटर जाणे. मना स्कूटरना काटा धुळ्याले छत्तीसवर व्हता, आजबी छत्तीसवरच शे. तू काय कमी पडनी नही."

"तुमची स्कूटर माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, आबा, तिच्या काट्याचं काय सांगता," ती हसली.

पण हसता हसता थबकली. वॅट एवढे घटले, तर वेग ताशी तीन किलोमीटरने तरी उतरायला हवा. रस्ता सपाट, वारा पडलेला. मग काटा छत्तीसवर कसा?

ती ओट्याकडे वळली. ट्रॅकच्या सायकलला स्टँड नसतो. आबांनी ती टपालाची सायकल लावत तशीच लावली होती: डावं पॅडल मागे घेऊन ओट्याच्या काठावर टेकवलेलं, सगळा तोल त्याच्यावर. सरांनी दिलेलं मीटर त्याच डाव्या पॅडलच्या दांड्यात होतं. धुळ्याला सर सायकल हातांनी धरत; इथे मात्र निघण्याआधी ती रोज तशाच टेकलेल्या सायकलवर बटण दाबून मीटर शून्य करत होती. तराजूत दीड किलोचं माप असताना काटा शून्यावर आणावा, तसं. पुढे तिची प्रत्येक ताकद तेवढ्याने कमीच मोजली जायची.

तिने समजावून सांगितलं. आबांचा चेहरा उतरला.

"म्हंजे बठ्ठं मीच करं?"

"बटण तर मी दाबत होते ना? विज्ञानाची पदवी माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही."

शनिवारी पहाटे सायकल ओट्याला लावलेली नव्हती. आबा सीट दोन्ही हातांनी धरून अंगणात उभे होते. पॅडलं मोकळी लोंबत होती. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"दाब," ते म्हणाले आणि श्वास रोखून धरला.

शून्य झालं.

वीस मिनिटांनी ती थांबली, तेव्हा पडद्यावर दोनशे सोळा होते. मागून स्कूटर येऊन उभी राहिली.

"कितला?" आबांनी विचारलं.

"आधी तुमचा काटा सांगा."

"छत्तीस."

तिने फोन काढला आणि सरांना लावला.