बाराही लिफ्टमधले तीन सेकंद

आमच्या कंपनीच्या बारा लिफ्टचे बारा प्रोग्राम, एकाची नक्कल करून दुसरा बनवलेला, आणि प्रत्येक प्रोग्रामरने त्यावर आपापली ठिगळं लावलेली. त्यातला सामाईक सांगाडा शोधायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. पहिला प्रोग्राम माझ्या बाबांनी लिहिला होता, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दोन महिने ओळ न् ओळ ताडून पाहत मी ठिगळं उसवली. बाराही ठिकाणी एक गोष्ट तशीच उरली. दार बंद करायचा हुकूम मिळाल्यावरही लिफ्ट तीन सेकंद थांबते. न कळणाऱ्या ओळीला हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत, म्हणून ती वीस वर्षं टिकली.

"काढून टाक," साहेब म्हणाले. "उगाच खोळंबा."

शाळेत जाताना मी बुटाची नाडी बांधत मागे राहायचे. बाबा लिफ्टच्या दारात पाय घालून उभे असायचे. "ये सावकाश. तुला सोडून कुठे जातेय ती."

"राहू द्या," मी साहेबांना म्हटलं. "कुणीतरी धावत येत असतं."

बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हाही मी धावतच पोचले होते. बाबा थांबले नव्हते.