शून्यावर बसवलेला काटा

"टर्बो गेला, आई," मुलगा म्हणाला. दवाखान्याच्या दारात उभं राहून लोक जो आवाज काढतात, त्याच आवाजात.

आम्ही गॅरेजमध्ये उभे होतो. समोर माझी गाडी, बॉनेट उघडलेलं. यांनी घेतलेली आणि यांच्यामागे मी चालवत असलेली. डॅशबोर्डवर नवंकोरं बूस्टचं गेज बसवलेलं, त्यात निळा दिवा, आणि काटा शून्यावर. इंजिन चालू होतं, तरी शून्यावर.

"जुन्या गेजचा काटा हलत नव्हता म्हणून नवं घातलं," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "नव्याचाही हलत नाही. म्हणजे दोष गेजात नाही, टर्बोत आहे. आता या वयात नवा टर्बो घालायचा म्हणजे..." पुढचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून गिळलं. वय गाडीचं होतं आणि बघत होता माझ्याकडे.

"रविवारी एक जण गाडी बघायला येतोय," मुलगा म्हणाला. "आहे तशी न्यायला तयार आहे."

"मला न विचारता?"

"विचारतोय ना आता."

"याला विचारणं म्हणत नाहीत, कळवणं म्हणतात."

माझे दीर बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. घरात काही मोडलं-बिघडलं की भाऊजी हजर असतातच. "वहिनी," ते चष्म्याकडेच बघत म्हणाले, "वस्तूलाही वय असतं. कधीतरी सोडावं लागतं." हे कोणी सांगावं? ज्यांच्या छत्रीच्या काड्या दोनदा बदलल्यात आणि कापड तीनदा, त्यांनी!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. किती हवा कोंबली जातेय ते गेज दाखवतं. इंजिनापासून एक बारीक नळी गेजच्या पाठीपर्यंत येते, बस. आमच्या गाडीत ते गेज मुळात नव्हतंच, यांनी हौसेने नंतर बसवलं. नळी आखूड पडली म्हणून ते चालवणाऱ्यासमोर न येता शेजारच्या सीटसमोर आलं. "उद्या लांब नळी आणतो," हे म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही आणि काटा वाचायचं काम माझ्याकडे आलं ते कायमचं.

टेकडीचा चढ लागला की हे विचारायचे, "काटा?"

"शून्य."

"काटा?"

"अर्धा. आता पाऊण. पुरे! पुरे म्हणते ना!"

गेजच्या काचेवर जिथे 'पुरे' म्हणायचं, तिथे मी नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता. मागच्या सीटवर मुलगा माझ्याआधीच "पुरे!" म्हणून ओरडायचा आणि आम्ही तिघं हसायचो. पुढे यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा जागा बदलल्या. मी चालवायला लागले आणि हे काटा वाचायला. नीट दिसायचं नाही त्यांना. माझ्या पायाच्या अंदाजाने ठोकून द्यायचे. मीही खरं धरायचे, कारण मला तो काटा कानाने कळायचा.

हे सगळं माझ्या पाठीला आणि कानाला पाठ आहे, आणि मला सांगतात टर्बो गेला!

गॅरेजमधून परत येताना मुलाने चावी स्वतःकडेच ठेवली. मी शेजारी बसले, माझ्या जुन्या जागी. पुलाच्या चढावर त्याने पाय दाबला आणि बॉनेटखालून ती बारीक शिट्टी आली. माझी पाठ सीटला टेकली. काटा शून्यावर.

"टर्बो मेलाय ना? मग शिट्टी कोण वाजवतंय? भूत?"

"आई, तुला भास होतो."

भास! ज्याला मी याच गाडीत क्लच सोडायला शिकवलं, तो मला भास झाला म्हणतो. मी तोंडाला कुलूप घातलं आणि काट्याकडे बघत बसले. पुढे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी नुसती उभी असून चालू असते तेव्हा इंजिन हवा आत ओढत असतं. त्या वेळी आमचा काटा नेहमी शून्याच्या खाली उतरायचा. टर्बोचा त्याच्याशी काही संबंध नाही. टर्बो मेला काय, काढून फेकला काय, उभ्या गाडीत काटा खाली उतरायलाच हवा. हा उतरत नव्हता. म्हणजे इंजिनाचा श्वास गेजपर्यंत पोचतच नव्हता. मधे कुठेतरी नळी बंद होती.

हे त्या मेकॅनिकच्या लक्षात येऊ नये? जुनं गेज काढलं, त्याच नळीला नवं डकवलं, आणि ज्या नळीतून खबर येते ती नळी तपासायची सोडून निकाल देऊन मोकळा. टपाल येत नाही म्हणून दाराची पेटी बदलायची, तसलाच हा प्रकार.

घरी आल्यावर मेकॅनिकने पिशवीत घालून दिलेलं जुनं गेज काढलं. मागचं तोंड रुमालाने पुसलं, ओठ लावले आणि हवा ओढली. काटा झपकन शून्याखाली गेला. ओढणं थांबवलं, परत जागेवर आला. अगदी धडधाकट होतं बिचारं. एका धडधाकट जिवाला आजारी ठरवून पिशवीत घातलं होतं, आणि त्याच्या जागी तो निळ्या दिव्याचा उपटसुंभ.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मुलगा कामावर गेला आणि चावी त्याच्या खिशात असली तरी माझी दुसरी चावी शिवणाच्या डब्यात होती, तिचा त्याला विसर पडला होता. आधी मी नव्या गेजच्या पाठीमागची नळी सोडवली आणि तोंडाने फुंकली. गाल दुखले, पण हवा पुढे जाईना. मग बॉनेट उघडलं. नळी जिथून इंजिनाच्या बाजूला बाहेर येते, तिथून बोटाने चाचपत निघाले. कुठे चेपली आहे का, तापून वितळली आहे का. काही नाही. वायरींच्या जुडग्यामागे, जिथे नळीचे दोन तुकडे एका सांध्याला जोडलेत, तिथे बोटाला काहीतरी लागलं.

मी वायरी बाजूला केल्या. नळीला लाल दोरा बांधलेला होता. दोन वेढे आणि शेपूट आत दुमडून खोचलेली.

ती गाठ मी लगेच ओळखली.

हे आणि भाऊजी, दोघं भाऊ एकाच कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये नोकरीला होते. तिथे एक नियम होता. कुठलीही नळी बंद केली की तिला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळतं की या गेजवर विश्वास ठेवू नका. प्रत्येकाची गाठ वेगळी. आणि ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. यांची गाठ साधी, गबाळी. भाऊजींची नीटनेटकी, शेपूट आत खोचलेली. त्यांच्या डब्याच्या फडक्यालाही तीच गाठ असायची, सोडता सोडता माझी नखं मोडायची. "गेज नसलेलं चालेल," हे जेवताना सांगायचे, "पण खोटं बोलणारं गेज नको. त्याने माणसं मरतात." भाऊजी समोर बसून मान डोलवायचे.

मी दोऱ्याला हात लावला नाही. बॉनेट तसंच उघडं ठेवलं आणि भाऊजींना फोन केला. "संध्याकाळी चहाला या. गाडीचं जरा दाखवायचंय."

ते आले तेव्हा मुलगाही पोचला होता. मी दोघांना अंगणात नेलं आणि बॅटरीचा झोत बरोबर त्या जागी टाकला.

"भाऊजी, जरा बघा हो. हे काय बांधलंय? माझी नजर काही पूर्वीसारखी राहिली नाही म्हणतात."

भाऊजींनी वाकून पाहिलं आणि त्यांचे कान त्या दोऱ्याइतके लाल झाले.

"काका!" मुलगा म्हणाला. "नुसतं बूच मारायचं ठरलं होतं! दोरा कशाला बांधलात?"

झालं. मला विचारावंसुद्धा लागलं नाही.

"अरे, बंद केलेली नळी तशीच ठेवायची? खुणेशिवाय?" भाऊजी कळवळून म्हणाले. "हातच धजला नाही माझा. उद्या कोणी दुसऱ्याने उघडलं असतं तर..."

"दुसऱ्याला कळावं म्हणून दोरा, आणि मला कळू नये म्हणून बूच," मी म्हणाले. "छान वाटणी केलीत."

"वहिनी, हा फार काळजीत होता. मार्चमध्ये तुम्ही फाटकाच्या खांबाला गाडी घासलीत..."

"खांब आहे तिथेच उभा आहे. विचारा त्याला, तक्रार आहे का."

"आई, तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

"नसतंच ऐकलं! भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, ताटावरून उठले असते. पण तोंडावर सांगायचं होतं तुम्ही. म्हणायचं, आई, तुझ्या हातून कोणाला इजा होईल अशी मला भीती वाटते. मी रडले असते, पण ते खरं असतं. तुम्ही काय केलंत? त्या मुक्या काट्याच्या तोंडी खोटं घातलंत. धडधाकट गाडीला आजारी म्हणालात आणि मला भास होतो म्हणालात. मला! अर्धा रस्ता मी स्वतःच्या कानांवर संशय घेत बसले होते, ठाऊक आहे?"

मी भाऊजींकडे वळले.

"आणि तुम्ही. हे असते तर हा दोरा त्यांना दाखवला असतात?"

भाऊजींनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला.

"सोडा," मी म्हणाले.

"मी सोडतो," मुलगा पुढे झाला.

"तू हात लावायचा नाहीस. ज्याने बांधला त्याने सोडायचा."

बराच वेळ लागला त्यांना, स्वतःचीच गाठ असून. दोरा सुटला, सांधा उघडला आणि आतून तासून गुळगुळीत केलेली लाकडाची एक चिमुकली खुंटी निघाली. खोटेपणासुद्धा किती मन लावून केला होता! मग मी त्यांच्याकडूनच निळ्या दिव्याचं गेज काढवलं आणि जुनं परत बसवून घेतलं. बॅटरी मी धरली. "नट आधी हाताने फिरवा, पाना मग. आटे पितळेचे आहेत," मी बजावलं. "ठाऊक आहे," ते पुटपुटले. "ठाऊक तर सगळंच होतं तुम्हाला," मी म्हणाले.

मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि काटा शून्याच्या खाली अलगद उतरला.

"बसा," मी म्हणाले. "दोघंही."

भाऊजी यांच्या जागी बसले, मुलगा मागे. टेकडीचा चढ लागला तशी शिट्टी वर चढू लागली.

"काटा?" मी विचारलं.

भाऊजींनी सीटचा पट्टा उगाच घट्ट केला.

"भाऊजी, काटा?"

"अर्धा," ते म्हणाले. "आता... पाऊण." मग ठिपका आला आणि त्यांच्याआधी मागूनच आवाज आला, "पुरे!"

मी पाय उचलला. हसले नाही. हसण्याइतका राग उतरलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही उतरलेला नाही.

वर टेकडीवर गाडी थांबवून मी मुलाला रविवारच्या माणसाला फोन करायला लावला, माझ्यादेखत. "गाडी विकायची नाहीये," तो म्हणाला. "नाही, नाही, टर्बो चांगला आहे. आमचीच... चूक झाली." आमचीच म्हणताना त्याने काकांकडे पाहिलं. काका खिडकीतून बाहेर.

"सोमवारी मी डोळे तपासून घेते," मी म्हणाले. "डॉक्टर नको म्हणाले तर गाडी त्या दिवशी थांबेल. मी थांबवीन. पण तोवर या गाडीत कुणी मला न सांगता काही बंद करायचं नाही."

लाल दोरा मी भाऊजींच्या हातून घेतला आणि चावीला बांधला, यांच्यासारखी साधी, गबाळी गाठ मारून. मुलाची चावीही मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"वहिनी, ती गाठ टिकायची नाही," भाऊजी म्हणाले. "शेपूट आत खोचा."

"माझी गाठ आहे," मी म्हणाले आणि गाडी उतारावर सोडली. "तुम्ही काटा बघा."