वेशीबाहेरची अकरा घरं

मित्रांनो, मी गावच्या वेशीचा एक जुना सागवानी दरवाजा आहे. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत मी पुण्याहून दोन कोसांवर, मुठेकाठच्या एका लहान गावात उभा होतो. माझ्या आत साठ उंबरे होते. पाटील, कुलकर्णी, कुणबी, सुतार, कुंभार, तेली, एक मुलाणी. माझ्या बाहेर, ओढ्यापलीकडे, महारवाड्याची अकरा खोपटी. माझ्या फळ्या रानातून खांद्यावर वाहून आणल्या त्या त्यांनीच. मी उभा राहिलो आणि ते बाहेर राहिले.

माझी राखण भैरू वेसकराकडे होती. संध्याकाळी तो घरोघर भाकरी मागे. मिळालेल्या भाकरीवरून त्याला सारं गाव कळायचं. कुठे बाळंतीण आहे, कुठे पाहुणा आलाय, कुठे कोण अंथरुणाला खिळलंय. ती भाकरी तो बाहेर, महारवाड्यातल्या आपल्या खोपटात नेऊन बायको बायडाबाई आणि लेक मैना यांच्यासोबत खायचा.

ज्वारीची काढणी चालू होती. भर दुपारी टेकडीवर धूळ उठली. भैरूने ती पहिल्यांदा पाहिली. "पेंढारी आलं! आत चला!" अशी आरोळी ठोकत तो शिवारभर धावला. कुणबी आले, पोरंबाळं आली, गुरंसुद्धा आत आली. महारवाडा लांब होता. तिथली माणसं अजून ओढ्यात होती.

"पुरे झालं. लाव दार," सर्जेराव पाटील म्हणाले.

"पाटील, माझी मानसं येत्यात. वाईच थांबा जी."

"त्यांना आत घेऊन ठेवायचं कुठं? गावात आड एकच हाय, त्योबी बाटंल. लाव म्हणतो ना!"

भैरूने जन्मभर लावायचा तसाच मला खांदा लावला. फट हातभर उरली, तेव्हा तो स्वतःच बाहेर सरकला.

"अडसर तुम्हीच घाला, पाटील. माझी मानसं भाईर हायती."

अडसर पडला. मग माझ्यावर मुठी आदळू लागल्या. बायडाबाई ओरडत होती, "उघडा वो! पोरीला तरी घ्या!" कुंभाराची प्रेमला अडसराला झोंबली. चौघांनी तिला मागे ओढलं. मित्रांनो, मी लाकूड. मला उघडता आलं नाही. लाकडाला एवढी लाज वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

पेंढाऱ्यांना मी फुटलो नाही. त्यांनी खोपटी जाळली, हाती लागलं त्याला कापलं आणि ते निघून गेले. दिवस कलताना मला उघडलं, तेव्हा भैरू आणि बायडाबाई माझ्या पायथ्याशी पडली होती. त्यांच्या खाली मैना होती. जिवंत. ती रडत नव्हती. प्रेमलाने तिला उचलायला हात पुढे केला, तर मैना मागे सरली आणि उरलेल्या आठ-दहा माणसांबरोबर ओढा उतरून गेली. ती पुन्हा दिसली नाही.

गावाने मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. "दारानं गाव राखलं," म्हणाले.

पंधरवड्याने पुण्याहून सरकारी कारकून आला. माझ्या सावलीत बसून त्याने विचारलं, "पाटील, दंग्यात गावची माणसं किती गेली?"

"गावची?" सर्जेराव म्हणाले. "एकबी नाय."

कारकुनाने मान डोलावली. जळक्या खोपटांकडे त्याची पाठ होती.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. वाळवी लागू द्या मला. पण कधी दार लावायची वेळ आली, तर आधी बाहेर बघा. आणि मागे ओढायला कोणी हात धरले, तरी अडसरावरची पकड सोडू नका; अडसर काढा.