बाबांची खुर्ची कुठल्या भिंतीला

आमच्या वस्ती समितीत हात वर करायची पद्धत नाही. एकदा एका महाभागाने दोन्ही हात वर केले, तेव्हापासून बंद. आता होकारवाले दाराकडच्या भिंतीला, नकारवाले खिडकीकडच्या, आणि अध्यक्ष, म्हणजे आमचा इलेक्ट्रिशियन, डोकी मोजतो.

त्या रविवारी प्रश्न होता चढावरच्या बाकाचा. तो काढून स्कूटर लावायला जागा करायची का? मी शिवणकाम करते. गाडी कुठे लावू म्हणून गिऱ्हाइकं रोज माझं डोकं खातात. मी म्हटलं, काढा एकदाचा!

"अगं, तुझे सासरे वाचनालयात जाताना तिथेच टेकतात ना?" शाळेतल्या बाई म्हणाल्या. "बाक गेला तर ते घराबाहेर पडतील कसे?"

"मी नेईन स्कूटरवर," मी ठणकावलं. आजवर एकदाही नेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मी दाराच्या भिंतीला उभी राहिले. शेजारी खुर्चीत बाबा, म्हणजे माझे सासरे. झटका आल्यापासून त्यांचा पाय ओढतो, बोलणंही अडखळतं. त्यामुळे आत आलं की मी त्यांना दाराशीच बसवते. तीन वर्षं झाली.

"चौदा होकार, बारा नकार," अध्यक्ष म्हणाला. "बाक जाणार."

तेवढ्यात बाबा काठी टेकून उठले.

"अहो बाबा, आता कुठे निघालात?" मी वैतागूनच विचारलं. बेतायला पडलेले दोन ब्लाउज डोळ्यांसमोर नाचत होते.

त्यांनी खिडकीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मला आधी कळेच ना. मग लख्ख कळलं. खुर्ची होकाराच्या भिंतीला, म्हणून बाबाही होकारात! तीन वर्षं त्यांचं डोकं मोजलं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू? मीच ती शहाणी.

बाबा चालू लागले. मी हात धरायला गेले तर झटकला. अर्ध्या वाटेत त्यांना धाप लागली. बाक काढा म्हणून सगळ्यांत जास्त ओरडलेल्या बेकरीवाल्याने पुढे होऊन आपली खुर्ची सरकवली. बाबा टेकले, दम खाल्ला, परत उठले. एरवी घाईने जीव खाणारी माणसं, पण कुणी चुळबुळसुद्धा केली नाही.

ते पोचले. अध्यक्षाने मोजलं. "तेरा-तेरा."

"बाबा, इतके दिवस बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता, पण राग माझा मलाच आला होता.

"तू... बसवायचीस," ते थांबत थांबत म्हणाले. "तुला... घाई. म्हटलं... कशाला अजून त्रास."

मला रडूच फुटलं, सगळ्यांदेखत. डोळे पुसले, दाराजवळची त्यांची रिकामी खुर्ची उचलली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बाबा, ही कुठे ठेवू?"

ते खिडकीकडच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "इथे."

मी खुर्ची ठेवली आणि तिथेच त्यांच्या शेजारी उभी राहिले. अध्यक्षाने पुन्हा पहिल्यापासून डोकी मोजली.