झाडांपाशी अडकतं

आरसे: कमी

पडद्यावरच्या गाडीचे आरसे तिनं सगळ्यात आधी कमी केले.

"आरशासाठी कॉम्प्युटरला सगळं जग दुसऱ्यांदा काढावं लागतं," तिनं नवऱ्याला समजावलं.

"मागे कोण येतंय ते मला बघायचंच नाही. काढून टाक."

जेवणाच्या टेबलाच्या जागी आता एक लाकडी सांगाडा होता. त्यावर भंगारातल्या गाडीची सीट बोल्टनं आवळलेली, पुढे स्टिअरिंग, खाली पेडल आणि समोर अर्धगोलात लावलेले तीन पडदे. टेबल गॅलरीत गेलं होतं, त्यामुळे घरातली तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवत. तिसरी म्हणजे त्याची आई. ती त्याच्या पाठीमागे खिडकीशी बसून स्वेटर विणायची आणि मधूनच विचारायची, "काय रे, कुठवर पोचलास?"

"आई, तिथंच. गोल आहे तो ट्रॅक."

"मग एवढी घाई कसली?"

रेसिंगच्या टीममध्ये त्याला गोगलगाय म्हणत, कारण त्याच्याइतकी जोरात गाडी दुसरं कुणी चालवत नसे. मागच्या सीझनला गाडी उलटली आणि त्याचं डोकं आपटलं. हाडं जुळली. शुद्ध हरपते का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

टीमच्या मुख्य मेकॅनिकना मालकापासून सगळे मामा म्हणत. मामांनी त्याची सीट अजून कुणाला दिली नव्हती. रविवारी सकाळी ट्रॅकवर टेस्ट होती, तिचाच हा घरचा सराव. जुन्या वेळेच्या जवळपास आला तर सीट त्याची. नाही आला तर

मामा हे वाक्य पुरं करत नसत.

रस्ता: पूर्ण

रस्त्याला मात्र तिनं हात लावला नाही. टीमनं सगळा ट्रॅक मशीननं मोजून घेतला होता. खरा खड्डा जिथं आहे तिथंच पडद्यावरचा खड्डा.

"हा बघ. इथं कमरेला दणका बसतो."

"या खुर्चीत बसतो?"

"अगं, खुर्चीत नुसतं स्टिअरिंग थरथरतं. कमरेचं मी माझ्या पदरचं घालतो."

झाडं: मध्यम

पुलावरून उतार. तिसरा गिअर. डावीकडे नदी. मग सरळ पट्टा, त्याच्या कडेनं उंच झाडांची रांग. टेस्टच्या वेळेचं ऊन हवं म्हणून तिनं सकाळ लावून दिलेली. ते ऊन झाडांमधून आडवं रस्त्यावर येतं. ऊन, सावली, ऊन, सावली, ऊन,

 

कुंपण.

"अडकलं!" त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला. "झाडांपाशी अडकतं. चित्र थांबतं आणि एकदम पुढचंच येतं. तोवर मी कुंपणात."

"परत जा."

तो परत गेला. उतार, नदी, पट्टा, ऊन, सावली,

 

कुंपण.

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता. कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतो, त्याचा. चित्र अडकलं की हा आकडा घसरतो. तो नव्वद होता आणि नव्वदच राहिला.

ती एका मोठ्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायची. दिवसभर लोक तिला फोन करून "अडकलंय" म्हणत, आणि ती आधी आकडा बघायची, मग माणसाकडे. बहुतेक वेळा अडकलेलं असायचं ते माणूसच. घरी मात्र तिनं आकड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्यावर विश्वास ठेवला. त्या पट्ट्यातून तो शेकडो वेळा गेलेला. त्याला कळणार नाही तर कुणाला?

गवत: बंद. धूर: बंद. ढग: कमी

पंखा उघडून ब्रशनं साफ केला. केबल बदलली. प्रोग्रॅम काढून परत टाकला.

झाडांपाशी अडकतं.

प्रेक्षक: बंद

स्टँडमधली सगळी माणसं एका क्लिकनं गेली. सासू म्हणाली, "बरं झालं. नाही तरी कुणी टाळ्या वाजवत नव्हतं."

सावल्या: बंद

"सावल्या काढून बघू?"

"मग ते खरं कसं राहील?"

"तुला खरं हवंय की सुरळीत?"

"सुरळीत."

पुलावरून उतार, तिसरा गिअर, डावीकडे नदी, सरळ पट्टा, झाडं, झाडं, झाडं, झाडं, शेवटचं झाड, ब्रेक, वळण, आणि गाडी वळणातून दोरीवर चालल्यासारखी बाहेर.

तो इतक्या जोरात ओरडला की आईच्या हातून सुई सुटली.

"झालं का मुक्कामाला पोचून?" ती म्हणाली.

"पोचलो, आई!"

मामांना त्यानं मुद्दाम बोलावून घेतलं. मामा सीटच्या मागे उभे राहिले, फेऱ्यांमागून फेऱ्या बघितल्या, हनुवटी खाजवली. "चित्र जरा सपाट दिसतंय रे," ते म्हणाले. "पण वेळ झकास आहे." आणि निघताना तिला दारात हळूच, "पोरी, तू नसतीस तर हा गेला होता कामातून."

ती त्या दिवशी खूश होती. हे लिहिलं पाहिजे.

सावल्या: पूर्ण

शुक्रवारी तिनं ऑफिसातून एक जबरदस्त ग्राफिक्स कार्ड मागून आणलं. आश्चर्याचा धक्का म्हणून. दुपारभर खपून ते बसवलं आणि एकेक गोष्ट परत लावली. गवत आलं, आरसे आले, स्टँडमध्ये माणसं आली. झाडांखाली सावल्या पसरल्या.

"आता खरंही आणि सुरळीतही," ती म्हणाली. "बस."

तो बसला. एक वायर सैल होती म्हणून ती मधल्या पडद्याशेजारी उकिडवी बसली. आजवर ती नेहमी त्याच्या मागे उभी राहून पडदा बघत आली होती. आज तोंड त्याच्याकडे होतं.

उतार. गिअरचा खटका. त्याच्या चेहऱ्यावर नदीचा उजेड, मग ऊन, सावली, ऊन, सावली, ऊन, आणि त्याच्या पापण्या फडफडू लागल्या, भराभर, आणि त्यांच्या खालून तो निघून गेला. हात स्टिअरिंगवर तसेच. पाय तसाच दाबलेला. ओठ चघळल्यासारखे हलत होते. ऊन सावली त्याच्या गालावरून सुरळीत, एकदाही न अडकता सरकत राहिली.

आदळल्याचा आवाज आला. तो परत आला.

"बघ! परत अडकलं. तुझं हे नवं कार्डही बोगस."

ती वायर हातात धरून तशीच बसली.

"तुला आज दिसलं होय?" खिडकीतून सासू म्हणाली. "घास हातात घेऊनही थांबतो तो असा. मला वाटलं, अपघाताचं मनातून जात नाही त्याच्या."

"काय थांबतो? काय बोलताय तुम्ही दोघी?"

तिनं सांगितलं. तो हसला. मग चिडला.

"आकडा किती होता?"

"नव्वद. तो कधीच घसरला नव्हता, अरे. पहिल्या दिवसापासून."

"मग आकडा खोटा."

"एकदा, एकदाच परत जा," ती म्हणाली आणि मोबाईल त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. नंतर डॉक्टर तिला म्हणणार होते की हे तुम्ही करायला नको होतं.

व्हिडिओ त्यानं मान वाकडी करून पाहिला.

"हा व्हिडिओच अडकलाय."

"मागे बघ."

व्हिडिओत त्याच्या खांद्यामागे आई होती. तिच्या सुया चालू होत्या.

त्यानं तो पुन्हा पाहिला. मोबाईल तिच्याकडे दिला नाही, पालथा करून मांडीवर ठेवला.

हवामान:

"रविवारी ढग असतील."

"कडक ऊन सांगितलंय."

"मग काळा चष्मा लावीन. त्या पट्ट्यात एक डोळा मिटीन. अगं, तेवढाच तर पट्टा आहे, बाकी सगळा ट्रॅक स्वच्छ आहे!"

"आणि ऑफिसच्या रस्त्याला पुलाचे कठडे आहेत, त्यांतूनही असंच ऊन-सावली येतं, त्याचं काय? रोज मला सोडतोस तू. काल आईंना दवाखान्यातून आणलंस."

"काल काही झालं?"

"तुला कळलं असतं?"

त्यानं आईकडे पाहिलं. आईनं लोकर सोडवायला घेतली, तिचा गुंता झालेला नव्हता.

"हे आपल्या तिघांतच आहे," तो हळू म्हणाला. "एक रविवार जाऊ दे. सीट हातात आली की मी स्वतः डॉक्टरकडे जातो. तुझी शपथ. आई, तू तरी सांग ना हिला."

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "तू इथं बसून कुंपणात गेलास की मी विणत बसते. तिथं गेलास तर?"

त्यानं मांडीवरचा मोबाईल उचलून बायकोपुढे धरला. तिनं त्याच्यासमोरच मामांना फोन लावला. तिला वाटलं होतं, तो हिसकावून घेईल. त्यानं घेतला नाही, आणि तेच तिला जड गेलं. ती बोलत असताना तो सीटच्या कडेचा बोल्ट बोटानं फिरवायला बघत होता. बोल्ट पक्का होता.

मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याला दे," ते म्हणाले.

त्यानं फोन कानाला लावला. "हो मामा... नाही, खरं सांगतेय ती... नाही, गाडीला हात लावणार नाही... हो." मग बराच वेळ त्यानं नुसतं ऐकलं. "दुसरा आहे का तुमच्याकडे? ...मग त्यालाच बसवा ना... ट्रॅक पाहिलाच नाही? एकदाही?" तो जरासा हसला. "मग मरणार तो. द्या, सांगतो त्याला. स्पीकरवर घ्या."

तिनं मान हलवली, नको म्हणून. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं पडदे बंद केले आणि सीटवर नीट टेकून बसला.

"ऐक रे बाबा. पुलावरून उतार आहे, तिथं घाबरायचं नाही. तिसरा गिअर. डावीकडे नदी दिसेल, तिच्याकडे बघायचं नाही. पट्टा सुरू झाला की गाडी उजवीकडे ओढते, ओढू दे तिला, आपोआप येते परत. मग झाडं लागतात. झाडं लागली की"

तो थांबला.

डोळे उघडे होते. फोन कानाला तसाच. मागे सुयाही थांबल्या होत्या. ती वाकून त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली. शब्द शोधतोय की गेलाय, ते तिला कळेना.

"हां, झाडं लागली की?" फोनमधून कोवळा, उत्सुक आवाज आला. "हॅलो? पुढे काय करायचं?"