अस्थींची रजा

माझे मेहुणे भाईदासराव शिंदखेड्याजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. त्यांच्या पगारात फार तर सप्तशृंगगडापर्यंत जाऊन येता आले असते आणि कापसाच्या हंगामात त्यांचा शेठ अंगात ताप असला तरी सुट्टी देत नसे. असे असूनही या गृहस्थांनी प्रयाग, गया आणि हरिद्वार पाहिले होते; नाशिक तर त्यांच्या लेखी प्रवासात जमाच होत नसे. या विसंगतीचा उलगडा सोपा होता. भाईदासराव दुसऱ्यांच्या अस्थी पोचवायला जात.

मेलेल्या माणसाच्या कामाला कोणताही शेठ नकार देऊ शकत नाही आणि मेलेल्या माणसाच्या गाडीभाड्यात कोणतेही घर घासाघीस करत नाही, हा त्यांचा शोध. रजा आणि पैसा, या दोन्ही अडचणी त्याने एकदमच सुटल्या. इतकी काटकसरीची उपपत्ती विज्ञानातही क्वचित सापडते. ती एका सुमार माणसाच्या हाती लागली, एवढेच दुर्दैव.

पंचक्रोशीत कोणी अंथरूण धरले की भाईदासराव भेटीला जात, डॉक्टर काय म्हणाले ते बारकाईने विचारत आणि निघताना घरच्यांना बाजूला घेऊन सांगत, "तापीत सोडू नका हो. पुढे धरण झालंय. अस्थी समुद्राला पोचतच नाहीत, मधेच अडकतात." लोक घाबरत. अस्थी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे धरण दूरच, हाडाचा तुकडा घाटाची दुसरी पायरीही ओलांडत नाही, असे मी एकदा पारावर समजावून सांगितले. जळगावच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत असल्याने माझे म्हणणे सर्वांनी आदराने ऐकून घेतले आणि 'म्हणजे भाईदासराव म्हणतात तेच खरं' असा एकमुखी निष्कर्ष काढला.

एवढे करून हा माणूस पाहत काय असे? प्रयागहून आल्यावर ते म्हणाले, कढी गोड होती. गयेला ढेकूण फार. दोन नद्यांचे पाणी एकमेकांत मिसळताना कसे दिसते, असे मी मुद्दाम विचारले. "पाण्यासारखं," ते म्हणाले.

माझी धाकटी बहीण लताबाई दर वेळी त्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देई आणि ते परतले की दारातच विचारी, "खिडकीजोडे बठनात का? काय दिसनं?"

"बाहेर जे असतं ते दिसलं. पाणी ठेव अंघोळीला."

आपल्यालाही एकदा न्या, असे तिने म्हटले, तेव्हा त्यांचे उत्तर तयार होते. दुसऱ्याच्या पैशावर दोघांना कसे जाता येईल? तिकीट अस्थींमागे एकच. तर्क बिनचूक होता. म्हणूनच तो मला अधिक किळसवाणा वाटला.

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात, ऐन हंगामात, आमची आई नरडाण्याजवळच्या गावी वारली. तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी सावडल्या. त्या घरात आणत नाहीत, म्हणून पांढऱ्या फडक्यात बांधलेले मडके गोठ्याबाहेरच्या निंबाला टांगले. दुसऱ्या दिवशी मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर, ते रिकामे करून हा विषय संपवायचा, असे मी ठरवले होते. ट्रॅक्टरने जाऊन जेवणापर्यंत परत.

संध्याकाळी भाईदासराव वळकटी घेऊनच आले.

"लोटनभाऊ, रामेश्वर," ते म्हणाले. "तुमच्या आई म्हणजे मला आईच. शेठला सांगून आलोय. सासूच्या अस्थी म्हटल्यावर त्याचं तोंडच बंद झालं. दक्षिणेकडचं तेवढं राहिलंय बघा."

"आईचं राहिलंय की तुमचं?"

"आता तुम्ही शिकलेले. तुमच्याशी कोण बोलेल?" असे म्हणून ते ओट्यावर माझे चुलते उखर्डूनाना यांच्याशेजारी जाऊन बसले आणि धरणाची कथा पुन्हा सुरू झाली.

मी गोठ्याकडे गेलो, तर लताबाई निंबाखाली उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"भाऊ, माले जावानं शे."

"कुठे? रामेश्वरला?"

"कोठे बी. प्रयागले. सुगंधाआत्या सोबत येवाले तयार शे. माय मन्ही बी व्हती ना?" तिने मानेने ओट्याकडे, नवऱ्याच्या दिशेने खूण केली. "त्या गयात, तर मी राहसू. मी गयी, तर त्यासले रजा नही. अस्थी एकच शेत."

परिस्थिती तिने माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडली होती. मडके एक आणि जाणारा माणूस एक. मुडावदला गेलो असतो, तर माझी तत्त्वे शाबूत राहिली असती आणि ती चुलीपुढे. हे मडके गेल्यावर तिला घराबाहेर काढू शकेल असे दुसरे कारण उरत नव्हते. तिला आई एकच होती.

ओट्यावर येऊन मी जाहीर केले, की अस्थी प्रयागला जातील आणि लताबाई नेईल.

"बाई मानूस अस्थी लई जाई?" उखर्डूनाना दचकले. "लोके काय म्हनतीन?"

"आणि माझ्या घरचं कोण बघेल?" भाईदासराव म्हणाले. "तिला गाडी बदलता येते का? भुसावळच्या फलाटावर हरवून बसेल!"

"तुम्हांला आली. म्हणजे काम अवघड नसावं."

नाना हसले, पण मान हलवतच राहिले. मुलगा हजर असताना मुलीने नेणे शास्त्रात बसत नाही, असे त्यांचे मत पडले. कोणत्या शास्त्रात, हे मी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. पटणारे कारण या ओट्यावर मांडण्यात अर्थ नव्हता. मी न पटणारे मांडले.

"आईची शेवटची इच्छा होती," मी म्हणालो. "लेकीच्या हातून गंगेत सोडा म्हणाली."

आईचे शेवटचे बोलणे चहा निवल्याबद्दल होते. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. घरातल्या किमान चार माणसांना हे ठाऊक होते आणि ती चारही माणसे ओट्यावर बसलेली होती. एकीने पदर डोळ्यांना लावला. दुसरी म्हणाली, असं काहीतरी पुटपुटताना मीही ऐकलं होतं.

"वहिनीनी इच्छा व्हती त मंग इषय संपना," नाना म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

फक्त भाईदासराव माझ्याकडे एकटक बघत होते. मी खोटे का बोलतो आहे, हे त्या जमावात त्यांना एकट्याला नेमके कळले होते. पण ते बोलून दाखवणे त्यांना परवडणारे नव्हते. मेलेल्यांच्या इच्छेवर शंका घेण्याचा पायंडा एकदा पडला असता, तर सर्वांत मोठे नुकसान त्यांचेच होते. ते उठून हात धुवायला गेले.

नरडाण्याच्या फलाटावर भुसावळकडे जाणारी पॅसेंजर आली तेव्हा चांगले ऊन पडले होते. मडके मांडीवर घेऊन लताबाई खिडकीशी बसली. सुगंधाआत्या तिच्याशेजारी डोळे मिटून नामस्मरण करत होती. भाईदासराव बाहेरून खिडकीचे गज धरून उभे होते.

"इटारसीला भजी घेऊ नको. पंड्यांना नाव सांगू नको. आणि बाहेर काय बघायचं नाही उगाच, डोळ्यात कोळसा जातो."

"आता डिझेलचं इंजिन असतं," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा हो! लता, ऐकतेस ना? आठवड्यात परत ये. भाकरी कोण—"

गाडी हलली. ते गज न सोडता चालू लागले, मग धावू लागले. तोंडाने सूचना सुरूच होत्या. लताबाईने एक हात मडक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने खिडकीचे शटर ओढले. भाईदासरावांनी बोटे वेळेवर काढून घेतली.

डबा फलाटाबाहेर पडला आणि ते शटर पुन्हा वर गेले.